न लागणारी सीडी

आतेबहीण दिवाळीत आली तेव्हा तिने पर्समधून एक छोटी डिस्क काढली. आठ सेंटिमीटरची, तळहातावर मावेल एवढी. कव्हर हरवलं होतं, म्हणून रुमालात गुंडाळलेली. "दादा, यात आई जात्यावर बसून ओव्या म्हणतेय. २००७ सालचं शूटिंग आहे. दुकानात दाखवली तर म्हणाले, कोरी आहे, टाकून द्या."

मी ट्यूबलाइटखाली डिस्क उलटी धरली आणि जरा कलती केली. जांभळट पृष्ठभागावर, आतल्या बाजूने सेंटिमीटरभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्या भागापेक्षा किंचित वेगळ्या छटेचा दिसत होता. तो जिथे संपत होता तिथे कंपासने आखल्यासारखी स्पष्ट कड होती. कोऱ्या डिस्कवर असा पट्टा नसतो. लेसरने तिथे काहीतरी लिहिलं होतं. आत्या आत होती.

ओळखीच्या घरांतून अशा डिस्क माझ्याकडे येत राहतात. लग्नाच्या, मुंजीच्या, साठीशांतीच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या. बहुतेक सगळ्या व्हिडिओ कॅसेट मागे पडल्यानंतरच्या आणि सगळं काही मोबाइलमध्येच राहू लागण्याआधीच्या. सोबत येणारं वाक्य ठरलेलं असतं: "सीडी लागत नाही." या एका वाक्यावरून कोणतीही डिस्क टाकून देऊ नका, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. कधी डिस्क धड असते, पण तिच्यावरचं लिखाण अर्धवट राहिलेलं असतं. कधी लिखाणही धड असतं, पण समोरच्या प्लेअरला ते वाचता येत नाही. आणि जी खरोखर बिघडली आहे तिच्यातूनही बरंच काही बाहेर काढता येतं. फक्त घाई करायची नाही. खसाखसा पुसायचं नाही, आणि कॉम्प्युटरने "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" असं विचारलं तर 'नाही' म्हणायचं. तो प्रश्न विचारला गेला याचा अर्थ डिस्क रिकामी आहे असा नसतो. कॉम्प्युटरला तिच्यावर ओळखीची मांडणी सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आधी हे लिखाण होतं कसं ते पाहू. सीडी बाजारात आली १९८२ साली, सोनी आणि फिलिप्स यांच्या एकत्र कामातून. दुकानात विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या सीडीत माहिती साच्याने उमटवलेली असते: प्लास्टिकमध्ये अतिसूक्ष्म खड्डे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर. घरी किंवा स्टुडिओत 'राइट' केलेल्या डिस्कमध्ये असे खड्डे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो. रायटरचा लेसर तो रंग ठिकठिकाणी तापवून पालटून टाकतो. पुढे वाचणारा लेसर तिथून जाताना प्रकाश कमी परततो, आणि तीच खूण. छापलेलं पुस्तक आणि शाईने लिहिलेली वही यांत जो फरक, तोच इथे. वहीची शाई उन्हाने उडते, तसा हा रंगही उडतो. टीव्हीच्या शोकेसवर, खिडकीसमोर वर्षानुवर्षं ठेवलेल्या लग्नाच्या डिस्क कपाटातल्या डिस्कांच्या आधी जातात, त्याचं कारण हे.

हा रंगाचा थर डिस्कच्या जाडीत नेमका कुठे असतो, हे माहीत असलं की निम्मा उलगडा होतो. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. ती जवळजवळ सगळीच्या सगळी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, आणि माहितीचा थर पार वर, लेबलच्या लगेच खाली, फक्त पातळ लाखेच्या आवरणाने झाकलेला. म्हणजे ज्या चकचकीत बाजूला आपण जपतो तिथे एक मिलिमीटरहून जाड चिलखत आहे, आणि जी बाजू आपण बिनधास्त टेबलावर घासतो तीच नाजूक. एका मुंजीच्या व्हीसीडीवर कोणीतरी बॉलपेनने दाबून बटूचं नाव आणि तारीख लिहिली होती. ती मी बल्बकडे धरली तर अक्षरांतून उजेड येत होता. डिस्कच्या प्रत्येक फेऱ्याला लेसर त्या नावाखालून जात होता आणि प्रत्येक वेळी ठेचकाळत होता. डीव्हीडीत रचना वेगळी आहे. ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून त्यांच्यामध्ये थर ठेवलेला असतो, त्यामुळे तिची लेबलची बाजू तेवढी हळवी नाही. पण ओलीने तो चिकटवलेला जोड कडेपासून सुटू शकतो. कोकणातल्या दमट कपाटात राहिलेली डीव्हीडी हातात आली की मी आधी तिची कड नखाच्या टोकाशी धरून पाहतो.

म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी. डिस्क उजेडाकडे धरा: टाचणीच्या टोकाएवढे आरपार ठिपके दिसतात का? मधल्या भोकाजवळ तडा आहे का? तडा असेल तर ती कॉम्प्युटरच्या वेगवान ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि तडकलेली डिस्क त्या वेगात फुटून तिचे तुकडे होतात. कागदाचं गोल लेबल चिकटवलं असेल आणि ते एका बाजूने सुटलं असेल तर डिस्क डुगडुगते. ते लेबल ओढून काढायला जाऊ नका, सीडीचा थर त्याच्याबरोबर निघून येतो.

मग स्वच्छता. चकचकीत बाजूवरची धूळ आणि बारीक चरे यांना आपण वाजवीपेक्षा जास्त घाबरतो. खिडकीच्या जाळीपलीकडचा रस्ता पाहताना जाळी जशी दिसेनाशी होते, तसं लेसरचं असतं. त्याची नजर आतल्या थरावर खिळलेली असते. सीडीच्या पृष्ठभागावर त्याचा झोत जवळजवळ ०.८ मिलिमीटर रुंद असतो आणि थरापाशी पोहोचेपर्यंत तो हजारांश मिलिमीटरच्या हिशेबात येतो. शिवाय माहिती अशा पद्धतीने विखरून लिहिलेली असते की सीडीवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुटवडासुद्धा गणिताने भरून काढता येतो. बोटांचे तेलकट ठसे मात्र पुसायलाच हवेत. मऊ सुती कापड घ्या, धुऊन धुऊन विरलेलं धोतर किंवा जुनी मलमल उत्तम. मधल्या भोकापासून सरळ बाहेरच्या कडेकडे पुसा. गोल गोल कधीच नाही, कारण माहिती गोल गोलच लिहिलेली आहे. आडवा चरा प्रत्येक फेऱ्यात क्षणभर आडवा येतो आणि त्याची भरपाई होते. गोल चरा लेसरच्या वाटेवर लांबच लांब सोबत चालतो आणि भरपाईची सोय पुरी पडत नाही. तेलकटपणा जात नसेल तर साधं पाणी, त्यात सौम्य साबणाचा एक थेंब, आणि नंतर पुन्हा स्वच्छ पाणी. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, पॉलिकार्बोनेट त्याने धुरकट होतं आणि ते परत कधीच साफ होत नाही. टूथपेस्टने घासण्याचा सल्ला बरेच लोक देतात. टूथपेस्ट म्हणजे बारीक खरवड. सीडीच्या जाड प्लास्टिकवर खोल चरा असेल तर कधीकधी उपयोग होतो हे खरं, पण जे काही वाचता येतंय ते आधी काढून घेतल्यानंतरच ही खटपट करावी. ब्लू-रे डिस्कवर तर कधीच नाही, तिचं वरचं आवरण फक्त ०.१ मिलिमीटरचं असतं.

डिस्क स्वच्छ आहे, धड आहे, तरी लागत नाही. आता संशय यंत्रावर घ्यावा. बाजारातली छापील डिस्क त्याच प्लेअरमध्ये लावून पाहा. तीही अडकत असेल तर लेन्सवर धूळ बसली आहे किंवा लेसर म्हातारा झाला आहे. एक चक्रावणारा प्रकार असा, की डीव्हीडी झकास लागतात आणि सीडी एकही लागत नाही. लोक सगळ्या सीडी खराब झाल्या म्हणून हळहळतात. खरं तर सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. राइट केलेल्या सीडीतला रंग लाल प्रकाशाला नीट परतवत नाही, म्हणून प्लेअरमध्ये दोन्ही लेसर बसवावे लागतात. त्यांतला एक गेला तरी दुसरा चालू राहतो.

छापील डिस्क लागते आणि घरची लागत नाही, असं असेल तर प्रकाश परतण्याचा प्रश्न असू शकतो. छापील सीडीवर पडलेला जवळजवळ ७० टक्के प्रकाश परत येतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवरून, जिच्यात रंगाऐवजी मिश्रधातूचा थर असतो, जेमतेम १५ ते २५ टक्के येतो. जुन्या प्लेअरला तिथे काळोखच दिसतो आणि तो 'नो डिस्क' म्हणतो. तीच डिस्क नव्या यंत्रात निमूटपणे लागते. डीव्हीडीच्या बाबतीत उणे आणि अधिक, म्हणजे डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर, अशा दोन जाती आहेत. उणे १९९७ साली आली, अधिक २००२ साली. आधी बनलेल्या काही प्लेअरना अधिक जातीची डिस्क ओळखूच येत नाही. यावर रायटरवाल्यांनी एक युक्ती काढली होती: डीव्हीडी+आर लिहिताना तिच्या माथ्यावर 'मी छापील डीव्हीडी आहे' अशी नोंद करायची. ती नोंद वाचून प्लेअर तिला आत घेतो. घरात जुना प्लेअर असेल आणि हरवलेली डिस्क पुन्हा बनवून द्यायची असेल, तर ही सोय अजूनही कामाला येते.

आता आत्याच्या डिस्ककडे. हँडीकॅमवर किंवा टीव्हीखालच्या रेकॉर्डरवर केलेल्या डिस्क न लागण्याचं माझ्या पाहण्यात आलेलं सगळ्यांत मोठं कारण एकच आहे: फायनलाइझ करायचं राहून गेलं. असा कॅमेरा डिस्कच्या सुरुवातीला थोडी जागा मोकळी सोडून पुढे चित्रण लिहीत जातो. कुठे काय आहे याची टाचणं तो स्वतःच्या समजुतीपुरती एका कोपऱ्यात ठेवतो. 'फायनलाइझ' दाबलं की मग सुरुवातीला रीतसर अनुक्रमणिका आणि शेवटी समाप्तीची खूण लिहितो. ते दाबलंच नाही तर वहीत मजकूर सगळा आहे, पण अनुक्रमणिकेचं पान कोरं. दुसरा कोणताही प्लेअर आधी ते पान उघडतो, कोरं दिसलं की वही मिटतो. समारंभाच्या गडबडीत ते बटण दाबायचं राहून गेलं असेल तर त्यात कोणाची चूक नाही. तेव्हा कॅमेऱ्यात सगळं व्यवस्थित दिसत होतं. कॅमेरा विकल्यावर कळलं.

अशा वेळी सरळ मार्ग म्हणजे तोच कॅमेरा किंवा त्याच कंपनीचा तशाच जातीचा कॅमेरा मिळवून डिस्क फायनलाइझ करणं. पण त्यात डिस्कवर नव्याने लिहिलं जातं, आणि सोळा-सतरा वर्षांच्या डिस्कवर लेसर चालवण्याआधी मला आतलं बाहेर हवं होतं. अनुक्रमणिका बाजूला ठेवून थेट डिस्कवरच्या खुणा वाचणारे प्रोग्राम असतात, आयएसओबस्टर हा त्यांतला जुना आणि भरवशाचा. मात्र प्रोग्रामने विचारलं तरी ड्राइव्हने वाचून द्यायला हवं, आणि अपुऱ्या डिस्कवर बरेच ड्राइव्ह 'इथे काही नाही' म्हणून हात वर करतात. माझ्या पहिल्या ड्राइव्हने तसंच केलं. दुसऱ्यानेही. तिसरा होता एका भंगारातल्या डेस्कटॉपमधून काढलेला, पिवळट पडलेला, ट्रे हाताने ओढावा लागणारा. त्याच्या ट्रेमध्ये छोट्या डिस्कसाठी आतला गोल खळगा होताच. (ज्या लॅपटॉपमध्ये ट्रे नसून नुसती फट असते, त्यात आठ सेंटिमीटरची डिस्क सरकवू नका. ती आत अडकते आणि लॅपटॉप उघडावा लागतो.) दोन-तीनदा घरघरून तो डिस्क वाचू लागला.

अठरा मिनिटांचं चित्रण निघालं. आधी नुसती जात्याची घरघर, कॅमेरा हलतोय, कोणाचातरी पाय मध्ये येतो. मग आत्या. खुंट्यावर हात, पदर खोचलेला, आणि फेऱ्याबरोबर वरखाली होणारा आवाज. आतेबहीण शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त आवाज थोडा वाढव असं खुणेने सांगितलं.

नंतर ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे त्याच जातीचा कॅमेरा सापडला आणि मूळ डिस्कही फायनलाइझ झाली. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. असे कॅमेरे नुसत्या बॅटरीवर फायनलाइझ करायला नकार देतात, चार्जर जोडावाच लागतो, कारण मध्येच वीज संपली तर डिस्क अर्धवट अडकते. आमच्याकडे संध्याकाळी दिवे जातात, म्हणून इन्व्हर्टर भरलेला आहे ना हे पाहूनच बटण दाबलं.

काही डिस्क पूर्ण असतात, लागतात, पण चुकीच्या जागी नेलेल्या असतात. पुण्यातल्या लग्नाची डीव्हीडी न्यू जर्सीला मुलीकडे पाठवली आणि तिच्या टीव्हीवर दिसलीच नाही, असं ज्यांच्याकडे झालं आहे अशी घरं कमी नाहीत. भारतात टीव्हीची पद्धत पाल, सेकंदाला २५ चित्रांची. अमेरिकेत एनटीएससी, सुमारे ३० चित्रांची. भारतात विकले जाणारे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात. अमेरिकेतले पुष्कळसे प्लेअर पाल चालवत नाहीत. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कवर प्रदेशाचं कुलूप असतं, भारताचा क्रमांक ५ आणि अमेरिकेचा १, पण घरगुती डिस्कवर ते सहसा नसतंच. तिथे फक्त पद्धतीचा अडसर आहे, आणि कॉम्प्युटरला पद्धतीशी काही देणंघेणं नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा, दिसते. गाडीतल्या जुन्या सीडी प्लेअरचं दुखणंही याच जातीचं. सीडीवर एमपी३ फायली भरल्या असतील आणि प्लेअर फक्त ऑडिओ सीडी जाणत असेल, तर त्या फायली त्याला परक्या.

आता अडकणाऱ्या डिस्क. लागतात, चालतात, आणि मग चित्र फुटतं, चौकोन पडतात, आवाज तुटतो. इथे 'कुठे' हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. सुरुवातीलाच अडत असेल तर भोकाजवळचा भाग तपासा. शेवटच्या दहा मिनिटांतच अडत असेल तर बाहेरची कड. तिथे आपली बोटं लागतात, तिथे स्वस्त डिस्कवर रंगाचा थर एकसारखा पसरलेला नसतो, आणि डुगडुगणाऱ्या डिस्कचं डुगडुगणंही तिथेच सर्वांत जास्त. लग्नसराईत स्टुडिओवाल्यांना एका दिवसात ढीगभर प्रती काढाव्या लागत. ५० डिस्कच्या डब्यातली बिननावाची डिस्क घ्यायची आणि १६ एक्सवर राइट करायची, असा प्रकार. प्रत्येक रायटरच्या आत ओळखीच्या डिस्कांची यादी असते. कोणत्या डिस्कवर लेसर किती तापवायचा हे तो त्यावरून ठरवतो. बिननावाच्या डिस्कवर तो अंदाजाने लिहितो, आणि वेगात लिहिताना अंदाज चुकला तर खुणा पुसट किंवा फुगलेल्या उमटतात. तेव्हाच्या प्लेअरने त्या कशाबशा वाचल्या, आता रंगही फिकटला आहे. त्यामुळे नवी प्रत काढायची वेळ आली तर नावाजलेली डिस्क घ्या, डब्यावरच्या कमाल वेगाच्या निम्म्याने लिहा आणि कडेला थोडी जागा कोरी सोडा.

चौकोन पडतात म्हणजे नेमकं काय हरवतं, तेही जाणून घेण्यासारखं आहे. डीव्हीडीवर माहिती ३२ किलोबाइटच्या ठोकळ्यांनी ठेवलेली असते, प्रत्येकात १६ सेक्टर. एक ठोकळा भरपाईपलीकडे गेला तर हिशेबाने सेकंदाचा विसावा भाग जातो. पण चित्रपट्टीत प्रत्येक चित्र पूर्ण नसतं. अर्ध्या सेकंदाला एखादं पूर्ण चित्र, आणि मधली सगळी 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढीच. पाया ढासळला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत पडद्यावर चौकोन राहतात. खरा त्रास प्लेअरच्या हट्टाचा. तो त्याच ठोकळ्यावर पुन्हा पुन्हा डोकं आपटतो आणि गोठून बसतो. पुढचा तासभर शाबूत असूनही आपल्याला वाटतं, डिस्क संपली.

म्हणून अशी डिस्क प्लेअरमध्ये वारंवार लावून पाहू नका. तिची पूर्ण प्रतिमा कॉम्प्युटरवर उतरवा. जीएनयू डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्राम यासाठीच बनला आहे. त्याची चाल एखाद्या समंजस माणसासारखी आहे: सोपं ते सगळं आधी घ्यायचं, अवघड जागा आली की तिथे खूण करून पुढे जायचं, आणि शेवटी वेळ काढून एकेका अवघड जागेकडे परत यायचं. कुठलं मिळालं आणि कुठलं राहिलं याचा नकाशा तो एका फाइलमध्ये ठेवतो. तोच नकाशा घेऊन तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावता येते. दोन ड्राइव्हच्या लेसरची नजर सारखी नसते. एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, आणि आधीच्या प्रतिमेतली भोकं भरत जातात.

खिडकीशेजारच्या शोकेसवर पंधरा-सोळा वर्षं काढलेली एक लग्नाची डीव्हीडी मी अशीच तीन रात्री उतरवली. टीव्हीवर ती हळदीच्या पुढे जात नव्हती. पहिल्या रात्री ड्राइव्हने बहुतेक सगळं दिलं आणि कडेच्या भागात दमला. दुसऱ्या रात्री दुसऱ्या ड्राइव्हने, वेग मुद्दाम कमी ठेवून, उरलेल्यातलं पुष्कळसं भरलं. तिसऱ्या रात्री तो पिवळट ड्राइव्ह लावला. सकाळी नकाशात ४८ सेक्टर बाकी होते, तीन ठोकळे. प्रतिमा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि एक त्या घरी दिली. दोन ठोकळे पाहुण्यांच्या पंगतीत गेले, ते कोणाच्या लक्षातही येत नाहीत. तिसरा मंगलाष्टकांच्या वेळचा आहे. अंतरपाटाशेजारी उभ्या नवरीच्या मामांचा चेहरा अर्धा सेकंद चौकोनांत विरतो आणि पुन्हा जुळून येतो.